डाव्याचं उजव्याला

बाळकुमला राहणाऱ्या धोंडिबा सुताराच्या घरी आलेल्या पाहुण्याला बाथरूममध्ये अंग चोरून शिरावं लागे. डाव्या बाजूचं दार धोंडिबाने उजव्या बाजूला बसवलं होतं. ते बेसिनला अडून अर्धंच उघडे. बायको, शकू, बारा वर्षं त्यावरून बोलत होती. धोंडिबाचं उत्तर ठरलेलं, "बसलंय ना? मग चालतंय."

पण त्याचा उजवा गुडघा काही चालेना. शेवटी नौपाड्यातल्या एका हॉस्पिटलात तो बदलायचं ठरलं.

कमरेखाली बधिर करून त्याला टेबलावर घेतलं. मधे पडदा लावला. दिसत काही नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. आधी करवत, मग ड्रिल, मग हातोडी. धोंडिबा खूश झाला. चाळीस वर्षांचे ओळखीचे आवाज! 'हात चांगलाय डॉक्टरबाईचा,' त्याने मनातल्या मनात दाद दिली.

तेवढ्यात डॉक्टर मेघना म्हणाल्या, "दिपेश, हा सांधा डाव्याचा आहे. आपल्याला उजवा लागतोय."

"सॉरी मॅडम, डबा चुकला," सांधे पुरवणारा दिपेश पुटपुटला.

हातोडी थांबली. धोंडिबाने कान टवकारले. माल चुकीचा आला आणि कारागीर गप्प झाला, की पुढे काय होतं हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक?

"मॅडम!" तो ओरडला, "ठोकून बसवू नका हां!"

"काका, असं कोण बसवेल?"

"मी बसवलीयेत ना! दारं, खिडक्या... थोडं घासायचं, दोन ठोके जास्त मारायचे. गिऱ्हाइकाला सांगायचं, वापरून सैल होईल!"

पडद्यापलीकडे कोणीतरी खुदकन हसलं.

"उजवा खाली गाडीत आहे. दिपेश आणायला गेलाय. पडून राहा," डॉक्टर म्हणाल्या.

"वाचून आणायला सांगा. आणि मॅडम, मेहुणीचं कपाटसुद्धा मी—"

"ते नंतर, काका."

उजवा आला. डॉक्टरांनी डब्यावरचं मोठ्याने वाचलं, सिस्टरने वाचलं, धोंडिबाने पुन्हा एकदा वाचून घेतलं. गुडघा झकास बसला.

चौथ्या दिवशी तो वॉकर घेऊन घरी आला आणि तडक बाथरूमकडे निघाला. रिक्षात बसल्यापासून त्याला घाई होती. दार अर्धं उघडलं. वॉकर सरळ घातला, तिरका घातला. जाईना. अंग चोरायला नवा गुडघा तयार नव्हता.

"अगं, हे दार काढायला बोलव कोणालातरी! लवकर!"

शकूने शांतपणे फोन उचलला. "मेघनाबाईंनाच विचारते. त्या डावं-उजवं बघून बसवतात."