किसनभाऊजींच्या घराला दार नव्हतं

आमच्या शेजारच्या किसनभाऊजींच्या घराला दार नव्हतं. चौकट होती, उंबरा होता, दार नव्हतं. घर बांधतानाच त्यांनी सुताराला सांगितलं होतं, "दार करू नोको." त्यामुळे आत शेळ्या जायच्या, कुत्री जायची. एकदा गावचा मोकाट वळू जाऊन चुलीपुढे बसला. नहाणीला तेवढं गोणपाट लागलं, तेही त्यांची बायको सखू गाठोडं बांधून माहेरी निघाली तेव्हा.

भाऊजींचं एकच म्हणणं, "बोला, पण उघड्यात बोला." कुठे दोघं कुजबुजताना दिसले की हे मधोमध जाऊन बसायचे. मोताळ्याच्या बाजारात एकदा दोन म्हातारे असेच कानात बोलत होते. भाऊजी बसले. विषय निघाला मूळव्याधीचा. दुसरा कोणी उठून गेला असता. यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मोठ्यानं सुरणाचं औषध सांगितलं. कोणाला काय झालंय ते अर्ध्या बाजाराला कळलं.

महाराष्ट्र नवा होता तेव्हा आमच्या पंचायतीला एक विहीर मंजूर झाली. आमच्या आळीतल्या बाया उन्हाळ्यात नदीत झिरे उकरून पाणी भरायच्या. विहीर आमच्या आळीत खणायची की सरपंचांच्या मळ्याजवळ, हे मीटिंगीत ठरायचं होतं. मी चौथी शिकलेली. पण दार लावून ठरवलेली विहीर कुठे जाते, हे कळायला चौथीही लागत नाही.

ग्रामसेवक नवा होता, भोळा. पंचायतीची सभा लोकांना बसून ऐकता येते, तसा कायदाच आहे, असं तो भाऊजींसमोर बोलून गेला. मग काय. आधीच्या मीटिंगीला सरपंचांनी "वारा येते" म्हणून दार लावून घेतलं होतं. या खेपेला भाऊजी सकाळीच गेले, पंचायतीचं दार बिजागऱ्यांसकट काढलं आणि डोक्यावर घेऊन घरी आले. अंगणात टाकून त्याच्यावर बसून भाकर खाल्ली.

सरपंचांनी कोतवालाला पाठवलं.

"भाऊ, दार द्या ना."

"मीटिंग झाली का देतो."

"सरपंच मले बोलतीन."

"तं उघड्यात बोला म्हणा त्याहिले."

कोतवाल तसाच परत गेला. मीटिंग बिनदाराची झाली. आम्ही बाया रिकामे हंडे घेऊन चौकटीत बसलो. सरपंच म्हणाले, "मळ्याजवळचं पाणी गोड लागते."

मी म्हटलं, "मंग तिथं जिलेब्या तळा. विहीर आमच्या आळीत खांदा."

बाया हसल्या. त्यांच्यात दोन पंचांच्या बायकाही होत्या. मळ्याच्या बाजूनं हात वर करायची कोणाची छाती झाली नाही. विहीर आमच्याकडे आली.

संध्याकाळी भाऊजींनी पंचायतीचं दार नेऊन बसवलं. ते परत आल्यावर मी त्यांच्याकडे भांडायला गेले.

"भाऊजी, तुमची शेळी माझ्या कुरडया खाऊन राह्यली. पंचायतीचं झालं, आता तं घराले दार लावा. काऊन एवढा हट्ट?"

ते दोरी वळत होते. म्हणाले, "वयनी, मी सात वर्षांचा होतो. तिकडं रोहिणखेडले, आमच्या घरी. मोठे लोक दार लावून आत बसले. मी बाहेर भवरा खेळून राह्यलो होतो. दार उघडलं तं मी या गावचा झालो होतो. दत्तक. लगेच बैलगाडीत बसवलं."

"ते साऱ्या गावाले माहीत हाय. शेती भेटली न तुम्हाले."

"हाव, भेटली. चांगली हाय." त्यांनी दोरीला पीळ दिला. "माय आत होती, वयनी. ती नाही म्हणली असंल का नसंल, ते मले बाहेर ऐकू नाही आलं."

दाराचं मी त्यांना पुन्हा कधी म्हटलं नाही. कुरडया तेवढ्या तेव्हापासून घरावरच्या माळवदावर वाळत घातल्या.