मंगळवारची पेटी

अन्याय सरसाबाईवर झाला. दोन वर्षांपूर्वी, आषाढातल्या पहिल्या शुक्रवारी, दुपारी तीन वाजता, एपीएमसी मार्केटात कांद्याच्या गाळ्यामागे. कोणी केला ते सांगते. पण आधी आक्काची ओळख करून देते, नाहीतर तुम्ही तिला उगाच शिव्या घालाल.

आक्का दंड करते. बैठकीत जांभई दिली, दोन रुपये. मोबाईल वाजला, दोन रुपये. सुनेची चहाडी केली, दोन रुपये. चहाडी खोटी निघाली तर चार. माण तालुक्यातल्या एकाच गावच्या अकरा बाया इथे कांदा निवडतात, सानपाड्याला भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि दर मंगळवारी शंभर-शंभर रुपये एका पत्र्याच्या पेटीत टाकतात. गावाकडे कुणाची शेळी, कुणाचं छप्पर या पेटीवर उभं आहे. पेटीला तीन कुलपं, किल्ल्या तिघींच्या गळ्यात. आक्का त्यातली एक, शिवाय अध्यक्ष.

पहिल्या बैठकीत मी, गट बांधून देणाऱ्या संस्थेची कार्यकर्ती, ‘महिला सक्षमीकरणाची त्रिसूत्री’ म्हणाले, तर आक्काने हात पुढे केला.

“दोन रुपये काढा म्याडम.”

“कशाबद्दल?”

“कुनाला कळंना असं बोललात.”

बाया खिदळल्या. मी मुकाट दिले.

‘बचत गटाचे दहा नियम’ हे आमच्या संस्थेचं पत्रक मीच लिहिलेलं. आक्काला वाचता येत नाही. तिने ते सरसाकडून, म्हणजे तिच्या विधवा धाकट्या जावेकडून, रोज जेवणाच्या सुट्टीत पोथीसारखं वाचून घेतलं आणि पाठ केलं. नियम चौथा: पेटी मंगळवारच्या बैठकीतच उघडावी. कुणी कुरकुरलं की आक्का म्हणायची, “नेम म्हंजे नेम.”

त्या शुक्रवारी सरसा धावत आली. गावाकडे राहणाऱ्या तिच्या मुलीचा नर्सिंगला नंबर लागला होता. आठ हजार रुपये संध्याकाळच्या आत भरायचे होते. पेटीत पैसे होते. तिन्ही किल्लीवाल्या समोरच कांदा निवडत होत्या.

“आक्का, उघड की.”

“आज वार कुठला?”

“अगं, माझी पोर हाय!”

“माजी पुतनीच हाय की. म्हनून तर. घरच्यासाठी नेम मोडला तर बाकीच्या नऊ जनी काय म्हनतील? मंगळवारी ये.”

सरसाने एका फायनान्सवाल्याकडून आठवड्याच्या हप्त्यावर पैसे उचलले. मुलगी नर्सिंगला गेली. हप्ते थकले, तशी वसुलीची माणसं उंबऱ्यावर येऊन बसू लागली, नळावर सगळ्यांदेखत तिला नावाने हाका मारू लागली. त्यानंतर कितीतरी मंगळवार आले. सरसा पेटीकडे फिरकली नाही. एका सकाळी तिच्या खोलीला कुलूप दिसलं. तिचा फोन बंद. मुलगी काकूचा फोन उचलत नाही.

नियम नववा, तोही माझाच: सलग तीन गैरहजेऱ्यांचा दंड न भरल्यास नाव कमी करावे. आक्का आजही हजेरीत अकरावं नाव पुकारते. थांबते. मग कनवटीचे दोन रुपये काढून दंडाच्या डब्यात टाकते.

“सरसा गैरहजर. दंड भरला. नाव ऱ्हाऊ द्या.”

गेल्या शुक्रवारी मी दुपारी तीनला सहज तिकडे गेले. आक्का गाळ्यामागे पेटी मांडीवर घेऊन बसलेली, शेजारी दोघी किल्लीवाल्या. तिन्ही कुलपं काढलेली.

“आक्का, आज शुक्रवार.”

“ठावं हाय. दर शुक्रवारी बसतो आमी. तीन ते चार.”

“पण नियम...”

“मोडला. त्याचा दंड म्या भरते, आठवड्याला चार रुपये. नेम म्हंजे नेम.” मग पेटीवरची कांद्याची सालं झटकत हळूच म्हणाली, “पोरी, तू शिकलेली. त्या नेमाखाली एक ओळ लिवायचीस की गं. कुनाची नड आसंल तर उघडावी. म्या काय उघडली नसती?”

अन्याय कोणी केला, ते सांगते म्हणाले होते. पत्रक माझं होतं.

सरसा नेरूळला कुठल्याशा सोसायटीत भांडी घासते, असं कानावर आलंय. तर हे वाचणारे तुम्ही, तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईचं नाव आजच विचारा. ती सरसा असेल तर सांगा, नाव कापलेलं नाही, आक्का शुक्रवारी पेटी उघडून बसते. आणि शुक्रवारी तिला दोन वाजता सोडा. पगार न कापता.