हवालदार आबांची केसांची चौकशी

हवालदार आबा माणसाचं तोंड बघत नसत, डोकं बघत. वडूजच्या बाजारात कुणीही भेटो, रामराम व्हायच्या आधी आबांची नजर त्याच्या पटक्याखाली शिरायची. टोपीवाला असला तर सरळ टोपीच उचलायची. कचेरीतल्या भाऊसाहेबांची काळी टोपी त्यांनी एकदा भर चावडीसमोर उचलली, आत वाकून बघितलं आणि विचारलं, "कवापासनं जायला लागलं? कारन काय?" भाऊसाहेबांनी पुढे कित्येक दिवस ती वाटच टाकली.

आता गंमत अशी, की खुद्द आबांच्या डोक्यावर केस म्हणावा असा एक नव्हता. पहिल्या लढाईत ते पलटणीबरोबर बसऱ्याला होते. तिथल्या खाऱ्या पाण्यानं आपलं डोकं साफ केलं, असं ते छाती काढून सांगायचे. मिशा मात्र अशा, की डोक्यावरचा सगळा माल ओठावर उतरवून घेतला असावा. एवढी वर्षं टकलाचं सुखदुःख नव्हतं. आणि दुसरी लढाई ऐन जोरात आली, रॉकेलला रांगा लागल्या, त्या साली दिवाळी झाली नि म्हातारबांनी एकदम केसांचा ध्यास घेतला.

आमचं किराणा दुकान त्यांच्या घराला लागून. मी माहेरची सांगलीची, जैनाघरची. आमचे हे माल आणायला कराडला गेले की गल्ल्यावर मी बसायची. त्यामुळे आबांची चौकशी रोज माझ्या कानांवर यायची, आणि माझं तोंड आधीच तिखट.

गावाला काय, कुणी विचारलं की सांगायला तयारच. लोहार म्हणाला, चहानं केस जातात. आबांनी सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरला उभा केला; तो दिवसभर चहावर जगायचा आणि डोकं म्हणजे नुसतं रान. झालं, चहा निर्दोष सुटला. मास्तर म्हणाले, जागून वाचल्यानं जातात. त्यावर आबांनी गावातली न वाचणारी सगळी टकली गोळा करून मास्तरांपुढे आणली. न्हाव्यानं तर कहरच केला. परगावच्या न्हाव्याकडं गेलं की जातात, म्हणाला. आबा प्रत्येकाचं मान डोलवत ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "रिपोट पटत न्हाई."

लोकांची जीभ काय, उचलली नि लावली टाळ्याला. म्हाताऱ्याला दुसरं लगीन करायचंय, म्हणून डोक्यावर रान उगवायची खटपट चाललीय, असं पारावर ठरून गेलं. पोरीही सुचवून झाल्या. आबांच्या कानावर हे येत असणारच. पण ते हसण्यावारी न्यायचे. उलट माझ्याकडून खोबरेल न्यायचे, माका न्यायचे, जास्वंदीची फुलं कुठं मिळतात ते विचारायचे.

एक दिवस तेलाची बाटली देता देता माझं लक्ष त्यांच्या डोक्याकडं गेलं. टाळू कोरडी ठणठणीत. तेलाचा थेंबसुद्धा लागलेला दिसेना. म्हटलं, आबा, एवढं तेल जातंय कुठं? दिव्यात जाळताय का?

आबांनी इकडंतिकडं बघितलं. मग खाली मान घालून म्हणाले, "वयनी, आमच्या तारेचं क्यास जात्यात."

तारा म्हणजे त्यांची सून. घरात माणसं दोनच, आबा आणि ती. आबांची मालकीण केव्हाच गेलेली. एकुलता एक लेक यशवंता लग्नानंतर चार महिन्यांत पलटणीत परत गेला, तो थेट ब्रह्मदेशाच्या बाजूला. आमच्याकडं सासरा सुनेशी समोरासमोर बोलत नाही आणि सून सासऱ्यापुढं डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. ती दोघं एका घरात राहून म्हशीच्या मध्यस्थीनं बोलायची. आबा गोठ्यात उभं राहून म्हशीला सांगायचे, "आज सांजच्याला जरा उशीर हुईल बरं का." आत तारा भांडं वाजवायची. म्हणजे कळलं.

मग केस गळतायत हे आबांना समजलं कसं? बायका विंचरलेल्या केसांचा गुंता गोळा करून भिंतीच्या भोकात खोचतात. परड्यातल्या भिंतीतला तो बोळा रोज वाढताना आबांनी बघितला. विचारायची सोय नाही, डोकं बघायची तर त्याहून नाही. म्हणून हा गडी गावभर दुसऱ्यांची डोकी बघत फिरत होता, आणि स्वतःच्या टकलावर हसून घेत होता. मला अगदी भरून आलं. पण मी आपली म्हटलं, आधी सांगायचं की, मी काय परकी?

त्याच दुपारी गेले. ताराला श्रावणात विषमज्वर झाला होता, ती जगली हेच नवल. आता पदर काढून दाखवला तर वेणी उंदराच्या शेपटीएवढी, कपाळावरून मागं टाळू दिसायला लागलेली. हल्ली तर पोरीनं विंचरणंच सोडलं होतं, नीट खाणंही सोडलं होतं. विहिरीवर कुण्या म्हातारीनं सांगितलं होतं, दादला लढाईवर असताना सवाशिणीचे केस जाणं बरं नव्हं. तेव्हापासून तिच्या मनानं घेतलं होतं की हे यशवंताच्या जिवावरचं आहे. त्या म्हातारीचं नाव मी विचारून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिचा असा समाचार घेतला, की तिनं पाण्याची वेळच बदलली.

मी ताराला घेऊन दवाखान्यात गेले. आबा आमच्या मागं, वाटेनं नव्हे, बांधानं. डॉक्टर तरुण होते, शांत होते. म्हणाले, मोठा ताप येऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी असे केस गळतात. बाळंतपणानंतर गळतात, पोटाला अन्न नसलं की गळतात, काळजीनंही गळतात. मुळं जिवंत आहेत, काही महिन्यांत पुन्हा येतील. तोवर पोरीला शेंगदाणे, पालेभाजी, डाळ पोटभर खाऊ घाला, आणि अंबाडा आवळून बांधू नका. यशवंताचा त्यात काही संबंध नाही.

दाराआडून आबांनी सगळं ऐकलं. मग डोकं आत घालून आपल्या टकलाचंही कारण विचारलं. तुमचे वडील कसे होते, डॉक्टर म्हणाले. आबा म्हणाले, असंच, गुळगुळीत. मग ते वडिलांकडूनच आलंय, डॉक्टर म्हणाले. घरी येताना आबा टकलावरनं हात फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "म्हंजी बसऱ्याला आमी उगंच शिव्या दिल्या."

त्या दिवसापासून म्हशीला नवेच हुकूम सुटायला लागले. शेंगा भाजल्यात, गार व्हायच्या आधी खाव्यात. चुलीजवळ अंडी ठेवलीत, मोजून ठेवलीत. म्हैस बिचारी कडबा चघळत ऐकायची. तारा आधी रडायची, मग खायला लागली.

होळीनंतर एकदा तिनं मला आत बोलावलं आणि कपाळाशी बोट लावलं. तिथं बारीक, काळी, आखूड लव उठली होती, हरभऱ्याला कोंब यावा तशी. मी बाहेर येऊन आबांना सांगितलं.  मंगळवारी भल्या पहाटे आबांनी पटका बांधला आणि ते कुणाला न सांगता निघून गेले.

परतले ते दिवस मावळताना, पायी. आणि मिशा नव्हत्या.

आता हे आमच्या मुलखात काय, ते सांगायला हवं. घरातलं कुणी गेल्याशिवाय इकडचा बाप्या मिशी उतरवत नाही. आबांचे आईबाप गेलेले, बायको गेलेली, सून घरात. राहिलं कोण? पारावरची माणसं एकेक करून उठून उभी राहिली. कुणी पटका काढला. म्हातारा रस्त्यानं चालत येतोय आणि पुढं पुढं गाव गप्प होत जातंय. आबांना वाटलं, आज मान लय मिळतोय. तेही दोन्ही बाजूंना रामराम घालत आले.

तारा दारात होती. तिनं बघितलं.  तिनं हात वर घेतला आणि बांगड्यांसकट उंबऱ्याच्या दगडावर आपटायला वाकली. मी दुकानाच्या पायरीवर होते. 

आबांनी तो हात बघितला आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं. साठीचा माणूस, पण अंगण एका ढांगेत ओलांडून त्यानं सुनेचं मनगट धरलं.

"तारे, यशवंताला काय बी झालं न्हाई. आगं, नवस हाय ह्यो. औंधाच्या यमाईला बोललो हुतो, पोरीचं क्यास येऊ देत, मी माजं दीन. डोक्यावर द्याया हाय काय माज्या? म्हून मिशा दिल्या."

तारा उंबऱ्यावरच बसली. आधी रडली, मग त्या कोऱ्या ओठाकडं बघून तिला हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना. हसता हसता पदर खांद्यावर आला, आणि ते आखूड नवे केस वाऱ्यावर भुरभुरायला लागले. पारावरची मंडळी एव्हाना अंगणात आली होती. त्यांनाही उमगलं आणि जो तो सुटल्यासारखा हसू लागला.

आबांनी मात्र पदर ढळलेला दिसताच मनगट सोडलं, पाठ फिरवली आणि भिंतीकडं तोंड करून ताठ उभे राहिले. डोळ्यांतलं पाणी उघड्या ओठावरून गळत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"वयनी," ते तसंच भिंतीला तोंड करून हळू म्हणाले, "तुमी बघून सांगा. दाट हाईत न्हवं?"

"लय दाट हाईत, आबा," मी म्हटलं.