टाकीच्या तोंडावरचा पहारेकरी

"साडेदहा झाले!" आई म्हणाली. खरं तर दहा वीसच झाले होते, पण तिच्या घड्याळात काळजीची दहा मिनिटं कायम जास्तीची असत.

अकराला पाळणाघराच्या बाईंना भेटायचं होतं. जागा एकच रिकामी होती आणि यादीत मागे आणखी चार आया टपून बसल्या होत्या. "अकरा म्हणजे अकरा," असं बाईंनी फोनवर दोनदा बजावलं होतं. जागा मिळाली तर आई सोमवारी कामावर रुजू होणार. नाही मिळाली, तर तिची खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी देणार, हे ऑफिसातल्या मॅडमनी फारच गोड आवाजात सांगितलं होतं.

आठ महिन्यांची मुंगी मागच्या सीटवर बांधलेली होती. बाबाने गाडी सुरू केली आणि काट्याकडे बोट दाखवलं. काटा तळाला टेकला होता.

"डिझेल भरलं नाहीस?"

"मी? मला कुठे परवानगी आहे टाकीला हात लावायची?"

याला दोन महिन्यांपूर्वीचा इतिहास होता. फोनवर बोलता बोलता बाबाने या डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरलं होतं. गाडी चौकापर्यंत गेली, खोकली आणि बसली. मेकॅनिकने ती ओढून नेली, टाकी उपसली आणि "होतं साहेब असं कधी कधी," म्हणून खाली मान घालून हसला.

त्यानंतर मुंगीला मांडीवर थोपटता थोपटता आईने एका हाताने शोध लावला. टाकीच्या तोंडात बसवायचं एक काळं कडं मिळत होतं. पेट्रोलचं नोझल बारीक असतं, डिझेलचं जाड. कड्यातली झडप जाड नोझलच्या दाबानेच उघडायची, बारकं घातलं तर ढिम्म हलायची नाही. आईने कडं मागवलं, बसवून घेतलं आणि त्याचं नाव ठेवलं पहारेकरी. शिवाय झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवली, "डिझेल. फक्त डिझेल. फोन खिशात."

"मुंगीसाठी ड्रॉवरला लावलंय, तसलंच कुलूप दाजींनापण लावलंस की गं!" असं मावशी सगळ्यांसमोर म्हणाली, आणि बाबा रुसला तो रुसलाच. टाकी आता तूच भर, म्हणाला. तान्ह्या बाळाला घेऊन पंपावरच्या वासात उभं राहणं आईला पटेना. दोघांच्या मध्ये टाकी आटत गेली.

पंपावर डिझेल आपलं आपणच भरायचं होतं. देखरेखीला टोपीवाला एक माणूस स्टुलावर बसला होता. बाबा गाडीतून उतरेना, म्हणून आईच उतरली. तिने डिझेलचं नोझल उचलून टाकीत घातलं. आत जाईना. जरा जोर लावला, तरी जाईना.

"ताई, काहीतरी अडकलंय आत," टोपीवाला म्हणाला.

"अडकलं नाहीये. अडवतंय. हे पेट्रोल आहे!"

"पेट्रोल कसं असेल? वर डिझेल लिहिलंय ना."

"लिहायला काय, काहीही लिहाल तुम्ही. आमचं यंत्र घेत नाहीये म्हणजे नाही."

"अहो, जाड नोझल बिघडलं, म्हणून सकाळीच बारकं बसवलंय. माल डिझेलच आहे. हवं तर हुंगून बघा!"

"अगं, ते सांगतायत ना," बाबा खिडकीतून म्हणाला.

"तू नको सांगूस. तू तर पेट्रोल भरलेलं आहेस!"

रांगेतल्या दोघांनी मान वाकडी करून बाबाकडे पाहिलं. बाबाने काच वर केली. आईने नोझल जागेवर ठेवलं आणि टोपीवाल्याला शेवटचं सुनावलं, "मला शिकवू नका. चुकीचं असेल तर आत जाणारच नाही. त्यासाठीच ते बसवलंय."

टोपीवाल्याने तिला चक्क हात जोडले.

गाडी पुढच्या चढापर्यंत गेली, दोन आचके दिले आणि थांबली. दहा अडतीस. पाळणाघर अजून तीन किलोमीटर. डिकीतला रिकामा कॅन घेऊन बाबा धावत त्याच पंपावर गेला. आईला ते टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

घामाघूम होऊन तो परतला तेव्हा मुंगीने सूर लावला होता. एका हाताने खुळखुळा वाजवत आई मांडीवरच्या अर्जात "बाळाच्या सवयी" भरत होती. मागून कॅनचं तोंड टाकीवर आपटल्याचे आवाज आले. डिझेलचा ओघळ खाली आला. कॅनचं तोंडही बारीकच होतं.

"पहारेकरी कॅनलासुद्धा सोडत नाहीये!" बाबा ओरडला. "कड्याबरोबर ते जाड नळीचं नरसाळं आलं होतं ना? ते कुठंय?"

"नीट ठेवलंय."

"कुठे?"

"घरी. ड्रॉवरमध्ये. कुलूप लावून."

मागे डिकी दाणकन उघडली. मग पान्याचा खडखडाट झाला, काहीतरी कट्कन वाजलं आणि डिझेल गटागटा पडायला लागलं.

"गेलं?" आईने विचारलं.

"गेलं," बाबा म्हणाला आणि हात खिशात घालून गाडीत बसला.

दहा अठ्ठावन्नला ती तिघं पाळणाघरात पोचली. रडून दमलेली मुंगी बाबाच्या खांद्यावर गाढ झोपली होती. बाईंनी नाक आक्रसलं.

"वास कसला येतोय?"

"औषधाचा," आई म्हणाली. "तेलाचा," बाबा म्हणाला. दोघंही एकदमच.

बाईंनी चष्म्यावरून दोघांना पाहिलं. "घरात बाळाच्या सुरक्षिततेची काय काळजी घेता?"

एवढंच विचारायची खोटी होती. ड्रॉवरची कुलपं, प्लगची झाकणं, टेबलाच्या कोपऱ्यांना लावलेला स्पंज, आंघोळीच्या पाण्याचा थर्मामीटर, असं करत करत आई थेट टाकीच्या तोंडापर्यंत आली. "गाडीतसुद्धा आमच्या हातून चुकीचं इंधन पडूच शकत नाही!"

"टाकीलासुद्धा?" बाईंचे डोळे मोठे झाले. बाबाचा हात हळूच खिशाकडे गेला.

"पुरे, पुरे. सोमवारी घेऊन या तिला," बाई म्हणाल्या. त्यांनी शिक्का मारला.

मुंगी झोपली की त्या घरात कुणी बोलायचं नाही, सगळं खुणांनी चालायचं. त्यामुळे परतताना बाबा मुंगीला उराशी धरून मागे बसला, आई गाडी चालवायला बसली आणि आनंद दोघांनी नुसत्या भुवयांनी साजरा केला. कॅनमधलं डिझेल जेमतेम होतं. आईने गाडी पुन्हा त्या पंपावर घेतली. उतरते आहे तोच मॅडमचा फोन वाजला.

"हो मॅडम! मिळाली जागा! सोमवारी नक्की!" फोन खांद्यावर मानेने दाबून आईने झाकण उघडलं, हाताला आलं ते नोझल उचललं.

"ताई, ते..." टोपीवाला स्टुलावरून उठला.

"मला शिकवू नका म्हटलं ना!"

तो परत बसला.

नोझल अलगद आत गेलं. "बघितलंत? बरोबर असलं की कसं जातं! नाही नाही मॅडम, तुम्हाला नाही म्हटलं."

मागच्या काचेतून बाबा हात हलवत होता. आधी एक, मग मुंगीला सावरून दुसरा. तोंड उघडत होता, पण आवाज काढत नव्हता. आईला त्याचा आनंद कळला. तिने अंगठा वर केला. मग बाबाने खिशात हात घातला आणि काहीतरी काळं, गोल काढून काचेला लावलं.

आईने कड्याकडे पाहिलं. मग हातातल्या नोझलकडे. मग त्याच्या वरच्या पाटीकडे.

"हॅलो? ऐकू येतंय ना?" मॅडम फोनवर विचारत होत्या.

अर्ध्या तासाने तोच मेकॅनिक आला. टाकीच्या तोंडाशी वाकला, हुंगला आणि हसू दाबत सरळ झाला. "कुणी भरलं?"

टोपीवाल्याने मान वळवून आईकडे पाहिलं. आईने झाकणाच्या आतल्या चिठ्ठीवरचं शेवटचं वाक्य वाचलं आणि आपला फोन पदराआड घ्यावा तसा ओढणीत घेतला.

"मीच भरलं," बाबा झोपलेल्या मुंगीला थोपटत हळूच म्हणाला. "सवय आहे मला."

मेकॅनिकने गाडी ओढून नेली. मग आईने बाबाच्या खिशातून पहारेकरी काढून आपल्या पर्समध्ये टाकला.

"मावशीला सांगू नकोस," ती कुजबुजली.

बाबाने भुवया वर केल्या. मुंगी झोपली होती, त्यामुळे तो होय म्हणाला की नाही, ते आईला घरी पोचेपर्यंत कळलं नाही.