छत्रीवाला मास्तर आणि विलासचे बैल

विलास तोंडाने आवाज काढतो. स्कूटर खड्ड्यावरून उडाली की ‘टुडूक’. भाजीवालीने वरून कोथिंबीर टाकली की ‘टिडिंग! बोनस!’ एकदा वर्ध्याजवळच्या आमच्या पिपरी मेघेत तेरवीच्या जेवणात त्याच्या हातून बुंदीचा लाडू पडला, तेव्हा भरल्या पंगतीत त्याने ‘ट्याँऽऽव’ असा लांब, उतरता सूर काढला. घरची सून रडता रडता फस्सकन हसली.

विलास पन्नाशीचा. माझा शेजारी आणि जुना विद्यार्थी. एका दवाखान्यात केस पेपरच्या खिडकीवर बसतो. रांगेत ताटकळलेला म्हातारा खिडकीशी पोचला की म्हणतो, “वा काकाजी, पहिली लेव्हल पार! आता डॉक्टरची. थे कठीण हाय.” लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणतो, “दोन खेळाडूंचा खेळ मले जमत नाई सर.”

हे खेळाचं वेड त्याला कुठून लागलं, ते मी इतकी वर्षं लोकांना रंगवून सांगत आलो. खोटं सांगत आलो. ज्यांनी त्या गोष्टीला टाळ्या दिल्या, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

शाळेत नवे नवे संगणक आले, तेव्हा त्या खोलीची किल्ली माझ्याकडे होती. विलास वडनेरच्या शेतकऱ्याचा मुलगा, वर्ध्याला मामाकडे राहून शिकायचा. शाळा सुटल्यावर थांबून थांबून त्याने एक व्हिडिओ गेम तयार केला. कापसाची बैलगाडी सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याला न्यायची, वर रणरणतं ऊन.

एक दिवस खोलीशी आलो तर आत कल्ला. “मास्तर आला बे! पळव, पळव!” डोकावलो. पडद्यावर गाडीमागे ठिपक्या-ठिपक्यांचा एक माणूस धावत होता. ढेरी माझी, छत्री माझी. उन्हाळाभर काळी छत्री घेऊन फिरणारा शाळेत मी एकटाच. पोरांनी वळून मला पाहिलं आणि खोली हशाने फुटली.

मी भिंतीवरच्या बटणाकडे गेलो. त्या यंत्रातली वीज गेली की सगळं पुसलं जायचं.

“सर, एक मिनिट! कॅसेटवर घेऊ द्या,” विलास म्हणाला.

मी ऐकलं. आणि बटण दाबलं. पुन्हा त्याला त्या खोलीत पाऊल ठेवू दिलं नाही.

पुढे हीच माझी हुकमी गोष्ट झाली. माजी विद्यार्थ्यांच्या प्रत्येक मेळाव्यात मी ती हातवारे करून सांगायचो: “या पठ्ठ्याने मास्तरला राक्षस केलं, मग मास्तरने त्याला सरळ केलं!” सगळ्यांत मोठ्याने विलासच हसायचा.

या मे महिन्यात तो लॅपटॉप घेऊन घरी आला. “सर, थो खेळ आठवून आठवून पुन्हा बनवला. एक डाव खेळता?”

मी गाडी पळवली. छत्रीवाला मागे लागला, मी आणखी पळवली. बैल जीभ काढून आडवे. पुन्हा पळवली, पुन्हा आडवे.

“पळता काऊन सर? थांबा न जरा.”

“अरे, तो मारेल ना!”

“कोन? तुमी?”

थांबलो. छत्रीवाला आला, छत्री उघडून बैलांवर धरली आणि शेजारून चालू लागला. बैलांच्या जिभा आत गेल्या. गाडी सावलीत डुलत डुलत जिनिंगला पोचली.

मी म्हणालो, “पण पोरं तर पळव पळव म्हणत होती.”

“पोट्टे पहिल्यांदाच खेळून राह्यले होते. तुमाले पाहून कोनीबी पळनच न सर!” तो हसला. “मी त्यायले सांगूनच राह्यलो होतो, थांबवा म्हणून. तेवढ्यात तुमी आले.”

“आणि ती छत्री?”

“सकाळची शाळा सुटली का तुमी बारक्या पोट्ट्यायले छत्रीखाली घेऊन बसस्टँडपावतर जात होते. मी बी होतो त्याच्यात, मामाचं घर तिकडंच होतं न.”

मला हे आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. बटण मात्र आठवतं, त्याचा खटकासुद्धा. त्या खेळात राक्षस नव्हताच. तो दारातून आला.

“पुढच्या मेळाव्यात उभा राहून खरं सांगतो,” मी म्हणालो.

विलासचा चेहरा उतरला. “राहू द्या सर. त्या गोष्टीपायीच तर मले बोलावते सारे. ‘राक्षसवाला विलास आला’ म्हणते, बाजूले बसवते. थे गोष्ट गेली त मी कोन?”

मी लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला.

“आता तू खेळ,” म्हटलं. “मी शेवटपर्यंत बघतो.”

तो पन्नाशीचा माणूस पँटला तळवे पुसून सावरून बसला.