कुंची विक्री व दृष्ट वसुली

धंदा वाढवायचा तर लोकांच्या नजरेत भरावं लागतं, आणि मूल वाढवायचं तर लोकांच्या नजरेपासून जपावं लागतं. आमच्या लासुर्ण्यात ही दोन्ही खाती एकाच व्यक्तीकडं आहेत. पाळण्यातलं नाव वेगळं, हाकेचं साखरबाई. नातं : माझी मुलगी. वय सात महिने. अर्हता : पालथं पडणे (उत्तीर्ण), रांगणे (प्रयत्न चालू).

उद्योगाचं स्वरूप असं. शेजारची रुक्सार कुंच्या शिवते, मी फोटो काढून इन्स्टावर टाकते. (भागीदारी समान आहे. तिचे खांदे दुखतात, माझा अंगठा.) कुंची म्हणजे बाळाचं डोकं, कान आणि पाठ एका दमात झाकणारी टोपी. आजवर ती फोटोशिवाय वापरली जायची, आणि मुलं तरीही मोठी व्हायची.

रुक्सार आधी बारामतीला कपड्यांच्या कारखान्यात शिवणकामाला जायची. फिरोज झाला आणि तिनं ते सोडलं. तिथल्या बाईंनी तिची जागा संक्रांतीपर्यंत धरून ठेवली होती. तोवर चाळीस कुंच्या खपल्या तर रुक्सार घरी. नाही खपल्या तर ती पहाटेच्या गाडीनं कारखान्यात आणि फिरोज दिवसभर आजीकडं. फिरोज अकरा महिन्यांचा आहे. आई पाणी प्यायला उठली तरी तिच्या ओढणीचं टोक मुठीत धरून रांगत मागं जातो. आमचा व्यवसाय आराखडा एवढाच.

पहिल्या टप्प्यात सासूबाईंचा, म्हणजे द्वारकाबाईंचा, स्पष्ट आदेश होता : "पोरीचं त्वांड जगाला दावायचं न्हाय." सबब पर्यायी डोक्यांचा शोध घेतला. तांब्याला कुंची घातली, ती घसरली. भोपळ्याला घातली, ती शोभली. सत्तावीस जणांनी चौकशी केली. त्यातल्या एकोणीस जणांनी भोपळ्याची.

दुसऱ्या टप्प्यात, दीर्घ वाटाघाटींनंतर, सासूबाईंनी पोरीला मान्यता दिली, पण तोंडाला दिली नाही. तोंडावर पिवळ्या हसऱ्या सूर्याचा स्टिकर लावायचं ठरलं. लोणी भापकरच्या एका ताईंनी लगेच काळजीनं विचारलं, "बाळाला कावीळ झालीय का?" तोवर विक्री तीन. (एक माझ्या आईच्या नावावर आहे. तिला अजून माहीत नाही.)

तिसऱ्या टप्प्यात मी व्हिडिओ केला आणि स्टोरीला टाकला. (स्टोरी कुणी कुणी बघितली, त्यांची नावं मला दिसतात.) स्टिकर नेमून दिलेल्या जागेवर निष्ठेनं उभा राहिला. पोरगी मात्र हलत्या जातीची. ती सूर्याखालून अलगद सरकली, कॅमेऱ्याकडं बघून दोन दातांनी हसली आणि कुंचीची नाडी तोंडात घातली. माझ्या लक्षात येईपर्यंत साऱ्या तालुक्यानं बघितलं होतं.

(थांबा, उठली. झोपली परत.)

दुसऱ्या दिवशी पोरगी शिंकायला लागली. सासूबाईंनी चौकशी समिती नेमली. समितीत त्या एकट्याच.

"किती जणांनी बघितलं गं?"

"सहाशे बारा, आत्या."

"बारशाला बी एवढी न्हवती आली! आन् त्यातलं बोललं किती?"

"एकतीस जणांनी बदाम दिला."

"मंजी बाकीची बघून गप बसली?"

इथं सासूबाईंचा सिद्धांत सांगणं भाग आहे. जो बघून 'ग्वाड हाय गं' म्हणतो, त्याची नजर बोलण्यातून निघून जाते. जो बघतो आणि गप राहतो, त्याची नजर आत साठते आणि पोरीला लागते. (बदाम हे बोलणंच धरावं, अशी दुरुस्ती मी सुचवली. ती मंजूर झाली.) म्हणजे थकबाकीदार पाचशे एक्याऐंशी. माणशी सात मिरच्या ओवाळायच्या तर चार हजार सदुसष्ट मिरच्या लागणार. वर्षाच्या चटणीचं अंदाजपत्रक कोलमडत होतं. तेव्हा सासूबाईंनी खर्चाचा भार बघणाऱ्यावर टाकायचं ठरवलं आणि कोऱ्हाळ्याच्या आपल्या चुलत नणंदेला, शकुबाईंना, फोन लावायला सांगितला.

"शकू, काल आमच्या पोरीला बघितलंस नव्हं?"

"व्हय वैनी, लई ग्वाड—"

"आत्ता बोलतीस? तवा का गप बसलीस? तुझं नाव हितं दिसतंय. पोरगी शिंकतीया."

"आवं वैनी, मी कशाला लावीन नजर?"

"तू लावली न्हाईस गं, लागली. येक कुंची घे, सुटशील. नातवाचं डोकं केवढं हाय?"

जाणकार सांगतात की फोनवर गिऱ्हाईक तीन सेकंद थांबतं. शकुबाई वीस मिनिटं थांबल्या आणि दोन कुंच्या घेऊन सुटल्या. मग रांगच लागली. एका दिरानं, अंगठा सरकताना चुकून दिसलं, असा बचाव केला. त्याला सवलत म्हणून साधं टोपडं दिलं. हिंदुरावतात्यांनी एकाच मोबाईलवर बायकोसोबत बघितलं होतं. (मोबाईल एक, नजरा दोन. तात्यांनी हिशेब मान्य केला.)

रुक्सारला हे पटेना. "काकू, असं घाबरवून विकणं बरं न्हाय."

सासूबाईंनी तिच्या ओढणीला लटकलेल्या फिरोजकडं बघितलं. त्याच्यावरून मूठभर मीठ उतरवलं आणि मला म्हणाल्या, "फुडचा नंबर लाव."

संक्रांतीला चार दिवस उरले असताना चाळिसावी कुंची गेली. रुक्सारनं कारखान्यातल्या बाईंना फोन करून, जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या, असं सांगितलं, आणि मग फिरोजला मांडीवर घेऊन उगाचच बराच वेळ त्याचे केस विंचरत बसली. त्याला केस फारसे नाहीत.

इंदापूरच्या डॉक्टरांनी शिंकांचं कारण आतल्या कापडाचे बारीक तंतू, असं सांगितलं. आम्ही अस्तर बदललं आणि गेलेल्या सगळ्या कुंच्याही बदलून दिल्या. (कारण कळवलं नाही. 'सेवा' म्हटलं.)

आता अडचण वेगळीच आहे. रुक्सारनं पुढच्या चाळीस शिवून ठेवल्यात, पण तालुका सावध झाला. स्टोरी उघडण्याआधीच लोक बदाम देतात. "गोड गं बाई, थू थू" असं लिहून पळतात. वसूल करायला एक गप माणूस मिळेना. बराच विचार करून मी हा लेख लिहायला घेतला.

लेखाला बदाम देता येत नाही. गेली चार-पाच मिनिटं तुम्ही आमच्या पोरीला अगदी जवळून बघताय, पालथं पडताना, दोन दातांनी हसताना, नाडी चघळताना. आणि तोंडातून एक शब्द काढलेला नाही. ती आत्ताच शिंकली. अस्तर तर नवं आहे.

सासूबाई आतून विचारताहेत, कोण बघतंय म्हणून. मी तुमचं नाव अजून सांगितलेलं नाही.

पिवळी पाठवू की लाल?