पाण्यानं आणलेलं कपाट

पूर ओसरल्यावर उकिडवे पतिपत्नी आपल्या घरात शिरले, तेव्हा हॉलमध्ये एक सागवानी कपाट उभं होतं आणि ते त्यांचं नव्हतं.

जे त्यांचं होतं त्याची दशा बघवत नव्हती. फ्रिज उताणा पडला होता. सोफा स्वयंपाकघराच्या दारात अडकला होता आणि गाद्या ओळखू येत नव्हत्या. हे कपाट मात्र भिंतीला पाठ लावून ताठ उभं होतं. घरात मोकळी जागा पाहून कुणी विचारपूर्वक ठेवावं, तसं. दारं बंद, कुलूप शाबूत.

"अहो, हे कुणाचं?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

"आपलं नाही," यज्ञेश्वर म्हणाले.

"ते मला दिसतंय. एवढी वर्षं याच घरात राहतेय मी."

वारज्याच्या नदीकडच्या अंगाला असलेल्या या सोसायटीचं नाव 'सरितादर्शन' होतं. नदी दर्शन द्यायला थेट घरात येईल, हे मात्र बिल्डरनं सांगितलं नव्हतं. पहाटे पाणी आवारात शिरलं तसे तळमजल्यावरचे सगळे अंगावरच्या कपड्यांनिशी वर पळाले होते. त्यानंतर खाली काय घडलं, ते कुणीच पाहिलेलं नव्हतं.

यज्ञेश्वरांची सगळी नोकरी एका कारखान्याच्या तपासणी विभागात गेली होती. मापात न बसणारी वस्तू पाहिली की त्यांना अस्वस्थ व्हायचं. चिखलातून त्यांनी टेप शोधून काढली आणि कपाट मोजलं. मग दार, मग दारामागचा अरुंद पॅसेज, पॅसेजचं वळण आणि त्यावरचा माळाही मोजला. शेवटी पुन्हा एकदा कपाट मोजलं.

"हे कपाट आत येणं शक्य नाही," त्यांनी कपाटासमोर उभं राहून जाहीर केलं.

"मग त्याला तसं सांगा आणि बाहेर पाठवा," सरोजिनीबाई म्हणाल्या.

मालकीण दोन दिवसांनी सापडली. मागच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या सुशीलाबाई इंगळे. नवऱ्याच्या, म्हणजे ज्ञानदेवच्या, कारखान्यातल्या नोकरीपायी अकोल्याकडून इथे आलेल्या. त्या दारात आल्या, आत डोकावल्या आणि धावत जाऊन त्यांनी कपाटाला मिठीच मारली.

"बाप्पा बाप्पा! माह्यं कपाट! अन् मी तिकडं पुलापर्यंत शोधून राह्यली!"

गळ्यातल्या किल्लीनं त्यांनी कुलूप उघडलं. खालच्या खणात पितळेची भांडी गच्च भरलेली होती, त्यांत गढूळ पाणी साचलं होतं. वरच्या कप्प्यातल्या साड्या कोरड्या होत्या. यज्ञेश्वरांनी एका साडीला बोट लावून पाहिलं आणि ते खुर्ची शोधू लागले. खुर्ची नव्हतीच, म्हणून ते उभेच राहिले.

"बुडाला वजन, म्हणून उलटं झालं नाही," ते हळूच म्हणाले. "मासे धरायच्या गळाचं बूच उभं तरंगतं ना, तसं आलं हे. तुमच्या घरातून निघालं, इमारतीला वळसा घातला, आमचं दार शोधलं..."

"तुम्हाला त्याचं कौतुक वाटतंय?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

यज्ञेश्वरांनी कपाटाच्या कडेवरून बोट फिरवलं. वाटत होतं.

सरोजिनीबाईंना मात्र एकच गोष्ट वाटत होती: हे घर विकायचं. आभाळ भरून आलं की त्यांचे हात गार पडत. लेकीनं, स्पृहानं, कोथरूडला तिच्या जवळच चौथ्या मजल्यावर एक फ्लॅट पाहून ठेवला होता.

"असा पूर आयुष्यात एकदाच येतो," यज्ञेश्वर म्हणाले.

"कुणी सांगितलं? पुरानंच का?"

तेव्हा विकायचं ठरलं. आमोद नावाचा एजंट आला. तरुण, चटपटीत, आणि दोन्ही कानांना दोन वेगळे फोन.

"काका, रंग लावून घ्या. आणि पुराचा टॉपिक आपण स्वतःहून काढायचा नाही. ओके? आणि हे कपाट तेवढं हलवा. हॉल एकदम छोटा दिसतोय."

कपाट हलवायला चार हमाल आले. उभं न्यावं तर वर माळा आड येई. आडवं न्यावं तर ते वळणावर अडके. तिरकं करावं तर दोघे हमाल कपाट आणि भिंत यांच्यामध्ये चेपले जात. जिन्यात सोसायटीचे लोक जमले होते आणि प्रत्येकाला उपाय ठाऊक होता.

"डावीकडे घ्या!"

"डावीकडे भिंत आहे, साहेब."

"मग जरा उजवीकडे घ्या!"

"उजवीकडे मी आहे."

दुपारी हमाल गेले. जाताना त्यांच्यातला म्हातारा विचारून गेला, "पण आत कुणी आणलं होतं? त्यालाच बोलवा."

खिडकीचा मार्गही बंद होता. खिडकीबाहेर हातभर अंतरावर सोसायटीची भिंत होती आणि पुरानंतर ती आणखी उंच केली होती. दत्तोबा सुतारानं कपाटाभोवती एक चक्कर मारून निकाल दिला, "करवत लावतो. तासाचं काम."

"हात तर लावून पाहा!" सुशीलाबाई कपाटाला पाठ लावून उभ्या राहिल्या. "माह्या बापानं शेतातला साग तोडून बनवलं हे. सुटणारा जोड नाही, खिळा नाही. पुरानं नाही तोडलं, अन् तुम्ही तोडता?"

दत्तोबा पिशवी उचलून निघून गेला. कपाट राहिलं आणि त्याच्याबरोबर सुशीलाबाईही राहिल्या म्हणायला हरकत नाही. इंगळ्यांच्या घरात दुसरं कपाट नसल्यानं त्यांचा सगळा संसार इथेच होता. लग्नाला जायचं तर साडी घ्यायला त्या यायच्या, आल्यावर साडी ठेवायला यायच्या, आणि मधल्या दिवसांत डांबराच्या गोळ्या बदलायला. वर्षानुवर्षं शेजारी राहूनही सरोजिनीबाईंना त्यांचं नाव माहीत नव्हतं. आता त्या चारच्या चहाला दोन कप जास्त टाकू लागल्या, कारण ज्ञानदेवही कधीकधी आपला ठेवणीतला सदरा न्यायला येई.

गिऱ्हाइकं मात्र गोंधळून जात. पहिलं कुटुंब आलं तेव्हा सुशीलाबाई हॉलच्या मध्यभागी बसून साड्यांच्या घड्या घालत होत्या.

"या कोण?" गिऱ्हाइकानं विचारलं.

"शेजारी," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"हे त्यांचं कपाट आहे?"

"हो."

"तुमच्या घरात?"

पुराचा विषय काढायचा नाही, हे सुशीलाबाईंना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी उभं राहून, हातवारे करून, पाणी कुठून शिरलं आणि कुठवर चढलं ते सगळं दाखवलं. गिऱ्हाइकाची मुलं टाळ्या वाजवत होती. आईवडील चपला शोधत होते.

यज्ञेश्वर त्या काळात दुसऱ्याच कामात गुंतले होते. त्यांनी पुठ्ठ्याचा पॅसेज केला, वळण केलं, वर माळा लावला आणि पुठ्ठ्याचंच कपाट त्यातून फिरवू लागले. एके दुपारी त्यांची हाक आली.

"निघतं! सरोजिनी, निघतं! हे बघ. इथे झुकायचं, झुकतानाच वळायचं, आणि वळता वळता उठायचं."

"मग हमालांना का नाही जमलं?"

"कारण धरायला माणूस लागतो आणि माणसाला उभं राहायला जागा लागते. त्या वळणावर एक तर कपाट मावेल, नाही तर माणसं." त्यांनी पुठ्ठ्याचं कपाट अलगद खाली ठेवलं. "पाण्याला उभं राहायला जागा लागत नाही. ते सगळीकडून एकदम उचलतं."

सरोजिनीबाई बराच वेळ त्या पुठ्ठ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमचं ते कौतुक आवरा आता. आमोद येतोय."

वर्ष होत आलं तेव्हा अखेर विश्रांतवाडीचं एक जोडपं तयार झालं. योगेश आणि पूर्णिमा. त्यांना घर आवडलं, दिशा आवडली, पुराबद्दल ऐकूनही ते बिचकले नाहीत. अट एकच होती. कपाट जायला हवं.

सरोजिनीबाई त्या दिवशी सुशीलाबाईंशी बोलायला तोंड उघडत आणि मिटत राहिल्या. शेवटी सुशीलाबाईच म्हणाल्या, "ताई, मले कळते. पाऊस आला की तुमचा चेहरा मी पाह्यते ना. बोलवा सुताराले." आणि पदरानं कपाटाचं दार पुसू लागल्या.

दत्तोबा यायच्या दिवशी सकाळपासून धो धो पाऊस होता. दत्तोबा आला नाही. त्याऐवजी महापालिकेची गाडी भोंगा लावून आली: धरणातून विसर्ग वाढवत आहेत, नदीकाठच्या नागरिकांनी वर जावं. गेल्या खेपेनं सगळे शहाणे झाले होते. दुपारपर्यंत तळमजले रिकामे झाले. औषधं, कागदपत्रं, गॅस, सुशीलाबाईंच्या साड्या, सगळं वर गेलं. मग ज्ञानदेव खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन आला आणि कपाटाकडे बघू लागला. सगळेच बघू लागले.

"दार उघडं ठेवू या," यज्ञेश्वर म्हणाले. "आणि भांडी खालच्या खणातच राहू द्या."

"अहो, लोक पाणी आत येऊ नये म्हणून वाळूची पोती लावतात!"

"ते येणारच आहे. आलंच आहे तर काम करून जाऊ दे."

सरोजिनीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनीच दाराला वीट लावली.

चौघंही जिन्यात वरच्या पायऱ्यांवर बसली. समोर उघडं दार होतं आणि दारातून वळणापर्यंतचा पॅसेज दिसत होता. पाणी आलं ते आवाज न करता. उंबऱ्यापाशी क्षणभर थांबलं आणि मग चपलांच्या स्टँडला बाजूला सारून आत गेलं. सरोजिनीबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले होते.

"किती आलं?"

"गुडघाभर."

"आणि लागतं किती?"

"कमरेच्या वर तरी."

त्यांनी एक डोळा उघडला. पाणी आणखी दोन पायऱ्या चढलं होतं. बराच वेळ गेला, तरी ते तिथेच होतं.

"आता थांबलं का? काय म्हणावं याला!" सरोजिनीबाई कठड्यावरून वाकल्या. "यायचं तर नीट ये की! अजून वीतभर ये!"

बोलून झाल्यावर त्या दचकल्या. आपण कुणाला काय सांगितलं, ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं होतं.

"येऊन राह्यलं, ताई," सुशीलाबाई कुजबुजल्या.

आतून एक मऊ आवाज आला. झोपलेल्या माणसानं कूस बदलावी तसा. पाण्यावर एक मोठं वलय दारापर्यंत आलं. मग वळणावर, करड्या उजेडात, कपाटाचा एक कोपरा दिसला.

कपाट माळ्याखाली आलं आणि झुकलं. गाभाऱ्यात शिरताना उंच माणूस झुकतो तसं, आपणहून. झुकता झुकता ते वळू लागलं. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला भिंत, मधे बोटभर पाणी. आणि त्या बोटभर पाण्यानं ते शेतातल्या सागाचं धूड चिमटीत धरल्यासारखं फिरवलं. घाई नव्हती, खरचटल्याचा आवाज नव्हता. वळण संपलं तसं ते हळूहळू सरळ झालं, दारातून बाहेर आलं आणि जिन्यासमोर येऊन संथ डोलत राहिलं.

यज्ञेश्वरांचे ओठ हलत होते. झुकायचं, वळायचं, उठायचं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ज्ञानदेवला दोर टाकायचा असतो याची आठवण बायकोच्या कोपरानं करून दिली. त्यानं फास टाकला आणि दोर कठड्याला बांधला. सुशीलाबाईंनी हात जोडले. कपाटाला की पाण्याला, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. सगळ्यांनी मिळून कपाट इंगळ्यांकडे नेलं. त्यांचं दार सरळ आणि रुंद असल्यानं काही अडचण आली नाही. उकिडवे चिखलभरल्या हॉलमध्ये उभे राहिले. यज्ञेश्वरांनी वळणावरच्या भिंतीवरून हात फिरवला.

"सरोजिनी, विकू या हे घर," ते म्हणाले. "असा पूर एकदाच येतो, असं मी उगाच म्हणत होतो. काल पाहिलं ना? ज्याला हे जमतं, त्याच्या वाटेत आपण राहू नये."

तेवढ्यात आमोदचा फोन आला. आवाज थेट हॉलभर घुमला.

"काका, गुड न्यूज! कपाट गेलं म्हणून मी योगेश-पूर्णिमाला कळवलंय. इकडच्या पाण्याचं त्यांना अजून माहीत नाही, तेव्हा आजच बोलून टाकू. फक्त विचारतायत, काढलं कसं? काय सांगू?"

यज्ञेश्वर काही बोलायच्या आत सरोजिनीबाईंनी फोन घेतला.

"नदीनं काढलं म्हणून सांग. एक ओरखडा न पाडता."

"काकू! मग डीलच जाईल!"

"जाऊ दे. आणि त्यांना म्हणावं, पुढच्या वेळी बघायला या. जिन्यात बसायला जागा आहे."

त्यांनी फोन ठेवला. मोकळ्या भिंतीकडे पाहिलं. त्यांचे हात गार नव्हते.

"अगं, पण मला विकायचंय!" यज्ञेश्वर म्हणाले.

"विका ना," सरोजिनीबाई झाडू उचलत म्हणाल्या. "फक्त मला त्या वळणावरून बाहेर कसं काढणार, ते आधी मोजून ठेवा."